करकोचे, पोती आणि दोऱ्या : शीतयुद्धातल्या ‘मदती’ची व्यंगचित्रं कशी वाचायची

१४ जुलै १९४८ च्या ‘पंच’ या ब्रिटिश साप्ताहिकात ई. एच. शेपर्ड यांचं एक व्यंगचित्र आलं. बर्लिनमधल्या घरांची धुराडी, तिथे बंदूक घेऊन बसलेला स्टालिन, आणि आभाळातून चोचीत गाठोडी धरून येणारे करकोचे. गाठोड्यांत अन्न आणि कोळसा. चित्राचं नाव ‘पक्षिनिरीक्षक’.

आपल्याकडच्या वाचकाला इथेच पहिली अडचण येते. करकोचेच का? युरोपातल्या लोककथेत करकोचा चोचीत बाळ घेऊन येतो आणि धुराड्यावाटे घरात पोहोचवतो. त्याच्यावर बंदूक रोखणं म्हणजे घरात येणाऱ्या जीवावरच उठणं. हा संदर्भ माहीत नसेल तर चित्र फक्त गमतीदार दिसतं. माहीत असेल तर स्टालिनच्या हातातली बंदूक भलतीच जड होते.

आता त्यामागची घटना. २४ जून १९४८ पासून सोव्हिएत सैन्याने, चोहोबाजूंनी सोव्हिएत ताब्यातल्या मुलखाने वेढलेल्या पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून जास्त लोकवस्तीच्या भागाला अन्न आणि इंधन पोहोचवायला फक्त हवाई मार्ग उरला. अमेरिका आणि ब्रिटनने विमानांनी माल न्यायला सुरुवात केली. चित्र छापून आलं तेव्हा या पुरवठ्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. पुढे १२ मे १९४९ ला नाकेबंदी उठली, विमानं मात्र सप्टेंबरअखेरपर्यंत चालूच होती. एकूण पावणेतीन लाखांहून जास्त फेऱ्या, सुमारे तेवीस लाख टन माल, आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश कोळसा. यातलं काहीच शेपर्ड यांना त्या जुलैत ठाऊक नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच : बंदूक आहे, पण गोळी सुटलेली नाही. मालवाहू विमान पाडलं तर युद्ध, आणि नाही पाडलं तर नाकेबंदी फसली. स्टालिनपुढचा हा पेच एका न दाबलेल्या चापात मावला आहे. राजकीय व्यंगचित्राची ताकद ती हीच.

आणि याच चित्रात एक उणीवही आहे, जी या विषयावरच्या चित्रांत पुन्हा पुन्हा भेटते. बर्लिनची माणसं कुठे आहेत? स्टालिन आहे, पक्षी आहेत, पण ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांच्या जागी नुसती धुराडी आहेत. मदतीवरच्या व्यंगचित्रात देणारा आणि अडवणारा ठळक असतात. घेणारा बहुतेक वेळा मुका, लहान किंवा गायब असतो. म्हणून असं कुठलंही चित्र हाती आलं की आधी घेणाऱ्याला शोधावं. तो उभा आहे की बसलेला, त्याचा हात पसरलेला आहे की खिशात, तो कुणाकडे बघतोय. चित्रकाराचं खरं मत बरेचदा तिथेच सापडतं.

आधी तारीख, मग चित्र

व्यंगचित्र हा रोजच्या बातमीचा माल आहे. आठवडाभराने त्याचा अर्थ बदलतो. त्यामुळे पहिलं काम एकच : चित्र कुठल्या तारखेला, कुठे छापलं गेलं ते शोधायचं, आणि त्याआधीच्या दहा-पंधरा दिवसांत काय घडलं ते पाहायचं. नंतर काय घडलं ते मुद्दाम बाजूला ठेवायचं.

शेपर्ड यांचंच जून १९४७ मधलं दुसरं चित्र घ्या. दोन बस उभ्या आहेत, एक अमेरिकेची, एक रशियाची. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन आणि स्टालिन आपापल्या गाडीकडे प्रवाशांना बोलावताहेत, आणि प्रवासी म्हणजे युरोपातले देश. पाठ्यपुस्तकांत हे चित्र ‘युरोपची फाळणी’ अशा मथळ्याखाली येतं, आणि विद्यार्थी ते झालेल्या फाळणीचं चित्र म्हणून वाचतात. पण तारखा बघा. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्डमध्ये युरोपला मदतीची कल्पना मांडली ५ जून १९४७ ला. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह या मदतीवरची पॅरिसची बोलणी सोडून निघून गेले २ जुलैला. चेकोस्लोव्हाकियाने निमंत्रण आधी स्वीकारलं, मग त्यांच्या नेत्यांना मॉस्कोला बोलावणं आलं, आणि १० जुलैला त्यांनी होकार मागे घेतला. म्हणजे चित्र निघालं तेव्हा प्रवासी खरोखरच फलाटावर होते. कोण कुठल्या बसमध्ये चढणार हे ठरायचं होतं. त्या चित्रात निकाल नाही, घालमेल आहे.

तारखेचं महत्त्व याहून स्पष्ट दाखवणारं चित्र अमेरिकेतलं आहे. ‘हार्टफर्ड टाइम्स’मध्ये ३१ ऑगस्ट १९६१ ला एडमंड वाल्टमन यांनी क्यूबाचा नेता फिडेल कॅस्ट्रोला काढलं. कॅस्ट्रोसोबत बेड्या घातलेला, खंगलेला एक माणूस आहे, तो म्हणजे क्यूबा. कॅस्ट्रो दुसऱ्या एका गरीब माणसाला, म्हणजे ब्राझीलला, सांगतोय की तुला माझ्यासारख्या क्रांतीची गरज आहे. या चित्राला १९६२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. आज पाहताना ते सर्वसाधारण क्यूबाविरोधी चित्र वाटतं. मग ब्राझीलच का? मेक्सिको किंवा पेरू का नाही?

कारण १७ ऑगस्ट १९६१ ला उरुग्वेमधल्या पुंता देल एस्ते इथे अमेरिकेच्या ‘प्रगतीसाठी आघाडी’ या मदत योजनेच्या सनदेवर सह्या झाल्या होत्या. लॅटिन अमेरिकेत दहा वर्षांत वीस अब्ज डॉलर ओतायचे, म्हणजे तिथे दुसरा क्यूबा होणार नाही, हा त्यामागचा हिशोब. परिषदेहून परतताना कॅस्ट्रोचे सहकारी चे गेवारा ब्राझीलला थांबले, आणि १९ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष झानियो क्वाद्रोस यांनी त्यांना ब्राझीलचा मोठा सन्मान दिला. २५ ऑगस्टला क्वाद्रोस यांनी अचानक राजीनामा दिला. देश यादवीच्या तोंडाशी आला, आणि सहाव्या दिवशी हे चित्र छापून आलं. ते धोरणाबद्दल नाही, त्या आठवड्याच्या धास्तीबद्दल आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. वाल्टमन हे एस्टोनियातून परागंदा झालेले, १९४९ मध्ये अमेरिकेत पोहोचलेले निर्वासित होते. सोव्हिएत राजवट त्यांनी स्वतःच्या देशात बघितली होती. क्यूबाच्या हातातल्या बेड्या त्यांच्यासाठी नुसतं प्रतीक नव्हत्या.

चित्रात काय नाही? अमेरिका. वीस अब्ज डॉलरचा देणारा चौकटीबाहेर उभा आहे.

पोत्यात नेमकं काय होतं

‘मदत’ म्हटलं की चित्रकार डॉलरचं चिन्ह असलेलं पोतं काढतो. काही सेकंदांत कळणारी खूण हवी असते, त्यात त्याचा दोष नाही. पण वाचकाने पोतं उघडून बघितलं पाहिजे, कारण परकीय मदत हा क्वचितच रोख पैसा असतो. तो अटींचा एक करार असतो.

मार्शल यांनी मांडलेल्या त्या मदतीचं, म्हणजे मार्शल योजनेचंच बघा. ३ एप्रिल १९४८ ला ट्रूमन यांनी कायद्यावर सही केली आणि पुढच्या चारेक वर्षांत सुमारे तेरा अब्ज डॉलर पश्चिम युरोपात गेले. त्यात अनुदानाचा वाटा कर्जापेक्षा फार मोठा होता. पण फ्रान्समधल्या शेतकऱ्याच्या हातात डॉलर पडत नव्हते. त्याला ट्रॅक्टर हवा असे. अमेरिकन कंपनीला डॉलर अमेरिकन सरकार देई. शेतकरी ट्रॅक्टरची किंमत फ्रँकमध्ये भरी. ते फ्रँक त्याच्याच सरकारच्या एका वेगळ्या खात्यात जमत, आणि ते कशावर खर्च करायचे याला अमेरिकेची संमती लागे. म्हणजे एकाच रकमेचा उपयोग दोनदा : एकदा ट्रॅक्टर, एकदा बंदर किंवा वीजकेंद्र. शिवाय किमान निम्मा माल अमेरिकन जहाजांतूनच न्यायचा, अशी कायद्यात अट.

हे सगळं एका चौकटीत कसं काढणार? कुणालाच जमलं नाही. म्हणून अमेरिकन आणि ब्रिटिश चित्रांत ते पोतं, जीवरक्षक दोर किंवा शिडी झालं. सोव्हिएत चित्रांत तोच दोर फास झाला, आणि टोकाला उंच टोपीवाला अंकल सॅम, म्हणजे अमेरिका. दोन्ही बाजू एकाच कराराकडे बघत होत्या. एकीला ट्रॅक्टर दिसला, दुसरीला संमतीची अट. अशा वेळी वाचणाऱ्याने दोन्ही चित्रं शेजारी ठेवावीत आणि विचारावं : दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे, आणि करारात ते कलम खरोखर होतं का? मार्शल योजनेत संमतीचं कलम होतं. फास म्हणावा इतकं ते आवळलेलं नव्हतं, पण दोरी काल्पनिकही नव्हती.

मॉस्कोत चित्र कसं तयार होई

लंडन किंवा वॉशिंग्टनचा चित्रकार संपादकाशी भांडू शकत असे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे हर्ब्लॉक तर आपल्याच वृत्तपत्राच्या भूमिकेविरुद्ध चित्रं काढत. मॉस्कोत गोष्ट वेगळी होती. १९२२ मध्ये सुरू झालेलं ‘क्रोकोडील’ हे व्यंगनियतकालिक कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्रावदा’ या दैनिकाची प्रकाशनसंस्था काढत असे, आणि कुठल्या देशावर केव्हा कडक व्हायचं हे परराष्ट्र धोरणाबरोबर ठरे.

सोव्हिएत व्यंगचित्रकार बोरिस येफिमोव्ह यांनी स्वतः सांगितलेली १९४७ ची हकीकत यासाठी फार बोलकी आहे. पक्षाचे बडे नेते झ्दानोव्ह यांनी त्यांना क्रेमलिनमध्ये बोलावलं. कॉम्रेड स्टालिनना एक व्यंगचित्र हवंय : उत्तर ध्रुवाजवळ अमेरिकन सैन्य घेऊन जनरल आयझेनहॉवर आला आहे, साधा अमेरिकन माणूस त्याला विचारतो की या शांत भागात एवढी धावपळ कशाला, आणि जनरल सांगतो की रशियाचा धोका दिसत नाही का. कल्पना स्टालिनची, पात्रं स्टालिनची. दुसऱ्या दिवशी खुद्द स्टालिनचा फोन आला, चित्र संध्याकाळी सहापर्यंत हवं. चित्र गेल्यावर स्टालिनने चित्राखालच्या ओळींत स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केल्या, आणि मग ते छापून आलं. हे काम करणाऱ्या माणसाच्या सख्ख्या भावाला, पत्रकार मिखाइल कोल्त्सोव्हला, याच राजवटीने १९४० मध्ये गोळी घातली होती. येफिमोव्ह १०८ वर्षं जगले, २००८ मध्ये वारले. त्यांच्या चित्रातली रेष कधी थरथरलेली दिसत नाही. ती बघताना हा फोन आठवावा.

म्हणून सोव्हिएत चित्रावरून ‘रशियन लोकांना अमेरिकेबद्दल काय वाटत होतं’ असं ठरवणं ही मोठी चूक आहे. त्यावरून त्या महिन्यात सरकारला काय म्हणायचं होतं ते मात्र नेमकं कळतं, कधीकधी अधिकृत निवेदनापेक्षाही नेमकं. पाश्चात्त्य चित्रांनाही हीच सावधगिरी लावावी, जरा कमी कडक. एक चित्र म्हणजे एका चित्रकाराचं आणि एका वृत्तपत्राचं मत. जनमत नव्हे.

जे चित्रकाराला दिसूच शकत नाही

मुत्सद्देगिरीवरच्या चित्रांची आणखी एक मर्यादा आहे. २९ ऑक्टोबर १९६२ च्या ‘डेली मेल’मध्ये लेस्ली इलिंगवर्थ यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना पंजा लढवताना काढलं. दोघेही हायड्रोजन बाँबवर बसलेत आणि दोघांचं बोट एकमेकांच्या बाँबच्या बटणावर आहे. दोघे घामाघूम. आदल्याच दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी क्यूबातली सोव्हिएत क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं जाहीर केलं होतं.

पण तडजोडीचा अर्धा भाग गुप्त होता. तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं अमेरिका काढेल, असं अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूताला खासगीत सांगितलं होतं. ती एप्रिल १९६३ पर्यंत हलवली गेली आणि ही देवाणघेवाण पुढे कित्येक वर्षं कबूल केली गेली नाही. इलिंगवर्थ यांना ती माहीत असणं शक्यच नव्हतं. तरी त्यांनी दोघांना एकाच मापाचं काढलं, एकालाही जिंकलेला दाखवलं नाही. त्या दिवशीच्या बऱ्याच बातम्यांपेक्षा ते चित्र खऱ्याच्या जवळ गेलं. आकृतींचं माप बघायचं ते यासाठी.

घेणारा जेव्हा स्वतः चित्र काढतो

भारत या खेळात घेणारा होता, पण धुराड्यासारखा मुका नव्हता. फेब्रुवारी १९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी झाला : वर्षाला दहा लाख टन क्षमता, अडीच टक्के व्याज, बारा हप्त्यांत फेड, तीही रुपयांत. त्याच काळात राउरकेला पश्चिम जर्मनीकडे आणि दुर्गापूर ब्रिटनकडे गेलं. बोकारोसाठी अमेरिकेकडे विचारणा झाली, तिथल्या संसदेत विरोध झाला, १९६३ मध्ये भारताने विनंती मागे घेतली आणि जानेवारी १९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी सही केली. हात पसरणाऱ्याचं हे वागणं नाही. चार दुकानांत भाव विचारून फिरणाऱ्या गिऱ्हाइकाचं आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या चित्रांत मात्र भारत बरेचदा धोतर नेसलेला, हाडकुळा, वाडगा पुढे केलेला.

म्हणूनच इथल्या चित्रकारांचं काम मोलाचं आहे. १९४८ मध्ये सुरू झालेलं ‘शंकर्स वीकली’, १९४७ पासून मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त काढणारे आर. के. लक्ष्मण, ‘फ्री प्रेस जर्नल’मधले आणि १९६० नंतर ‘मार्मिक’मधले बाळ ठाकरे. लक्ष्मण आणि ठाकरे, दोघांवरही ब्रिटनमधले व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचा दाट प्रभाव. ब्रशची जाड रेष, मोकळी पार्श्वभूमी आणि नेत्याच्या शरीरबांध्यातूनच त्याचा स्वभाव सांगणं, हे लो यांच्याकडून आलेलं. त्यांची भारतीय चित्रं वाचताना तीच पहिली कसोटी लावून बघा : इथला माणूस कुठे उभा आहे? लक्ष्मण यांच्या चित्रांत चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस कोपऱ्यात असतो. बोलत नाही, पण गायब नसतो. धुराडं आणि तो, यातलं अंतर लक्षात घेण्यासारखं आहे.

भारतीय वाचकाला ओळखीची सगळ्यात मोठी मदत म्हणजे पीएल-४८०. जुलै १९५४ चा अमेरिकन कायदा, आणि त्याखाली भारताशी पहिला मोठा करार ऑगस्ट १९५६ मध्ये. व्यवहार असा चाले : अमेरिकेकडे शेतमालाचा अतोनात साठा पडून होता. तो गहू जहाजाने इथे येई. भारत सरकार त्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत अमेरिकेच्या खात्यात जमा करी आणि गहू रेशनच्या दुकानांतून विकला जाई. त्या रुपयांतला मोठा वाटा भारतालाच प्रकल्पांसाठी कर्ज किंवा अनुदान म्हणून परत मिळे, थोडा अमेरिकी वकिलातीच्या खर्चाला जाई. १९६२ पासून याच रुपयांतून अमेरिकन ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेतली गेली. अमेरिकेतल्या विद्यापीठांत त्या काळातली मराठी पुस्तकं रांगेने उभी दिसतात, ती बरीचशी गव्हाच्या पैशांतून गेलेली.

दोरी कुठे होती? १९६५ नंतर अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार न करता गहू थोडा थोडा, महिन्यागणिक सोडायला सुरुवात केली. शेतीधोरण बदला, असा आग्रह त्यात होता, आणि व्हिएतनाम युद्धावर भारत टीका करतो याचा रागही. सलग दोन वर्षं पाऊस नाही, १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य आयात, आणि बंदरात लागलेलं धान्य सरळ ताटात अशी अवस्था. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. त्याच्या पुढच्याच महिन्यात दिल्लीने व्हिएतनाममधले बाँबहल्ले थांबवा असं पुन्हा म्हटलं. १९६६ सालचं गव्हाच्या पोत्याचं कुठलंही चित्र बघताना जहाज धक्क्याला लागलंय की दूर समुद्रात थांबलंय, हे बघावं. तेव्हाचा सगळा प्रश्न त्या अंतरात होता.

महाराष्ट्रात याची आठवण चित्रापेक्षा जिभेवर जास्त आहे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी तांबडी मिलो ज्वारी, तिची न वळणारी भाकरी आणि चव, जुन्या माणसांना अजून सांगता येते. इथल्या वाचकासाठी काढायचं झालं तर डॉलरच्या पोत्यापेक्षा तव्यावरची ती लाल भाकरी अधिक बोलेल. खूण वाचणाऱ्याच्या घरातली हवी. शेपर्ड यांनी करकोचे निवडले ते याच कारणाने.

तोवर अमेरिकेच्या खात्यात एवढे रुपये साचले होते की ते खर्चही करता येईनात आणि देशाबाहेरही नेता येईनात. एवढा पैसा एकदम बाजारात आणला असता तर महागाई भडकली असती. शेवटी फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत डॅनियल मोयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. तेव्हा तो जगातला सगळ्यात मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून नोंदला गेला. त्या प्रसंगाचं चित्र काढायचं तर देणारा कोण आणि घेणारा कोण, हे चित्रकाराला आधी ठरवावं लागेल. धनादेशावरची सही अमेरिकेची होती. रुपये गव्हाची किंमत म्हणून भारतानेच भरलेले होते.